जाऊबाईंचं अकाली निधन

आमच्या जाऊबाई वारल्याची बातमी आम्ही दोघींनी मिळून वाचली. रविवारची सकाळ होती. ती चहात टोस्ट बुडवत होती आणि मी पुरवणी मोठ्याने वाचत होते, कारण तिच्या चष्म्याची काडी तुटली होती.

"आधुनिक चित्रकलेतल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक," मी वाचलं, "परंतु ऐन तारुण्यात अकाली निधन पावलेली..." आणि पुढे नाव. तिचं नाव. म्हणजे सासरचं नाही, माहेरचं. शेजारी प्रदर्शनातल्या एका चित्राचा फोटो होता. विळीवर नारळ खवणारी एक बाई.

टोस्टचा तुकडा चहात पडला.

"मी कधी मेलंय गो?"

"थांब, पुढे दिलं असेल," मी म्हटलं. आणि खरंच दिलं होतं. 'विवाहाच्या सुमारास तिचा मृत्यू झाला असावा, कारण त्यानंतरचे तिचे एकही चित्र उपलब्ध नाही.'

लग्नानंतर बाईचं चित्र सापडत नाही, म्हणजे बाई मेली. काय हुशारी! अगदीच खोटं आहे असंही म्हणवत नाही, पण ते म्हणायचा हक्क आमचा. असं रविवारी छापून कुणी आमच्या चहाचा विचका करायचा नाही.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. आम्ही दोघी बोरीवलीला एकाच घरात राहतो. दोघींचेही नवरे गेले, माझी मुलं आपापल्या फ्लॅटमध्ये आहेत, आणि तिला मूलबाळ नाही. पूर्वी मी तिला 'अहो वैनी' म्हणायचे. म्हातारपणी त्यातलं 'अहो' गळून पडलं, 'वैनी' तेवढं राहिलं. ती मला काहीच म्हणत नाही, नुसतं 'गो' म्हणते. मालवणकडची आहे, तिचा 'गो' चार घरं ऐकू जातो.

आता ही जिवंत बाई पेपरात मेली कशी, ते सांगते. आमच्या सासूबाईंच्या नावामुळे मेली. जाऊबाईंचं माहेरचं नाव आणि आमच्या सासूबाईंचं नाव एकच होतं. एका घरात एकाच नावाच्या दोघी कशा चालतील? उद्या मामंजींनी हाक मारली तर सुनेने ओ द्यायची? म्हणून लग्नात ताटभर तांदूळ पसरून, त्यात सोन्याच्या अंगठीने, दुसरंच नाव लिहिलं गेलं. घाटकोपरच्या चाळीतून एक मुलगी निघाली आणि विक्रोळीच्या क्वार्टर्समध्ये दुसरीच पोचली. वडील गिरणीत होते, पण शाळेतल्या मास्तरांनी हट्टाने तिला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं होतं. तिथे तिने मोठी मोठी तैलचित्रं काढली. चाळीत ती ठेवणार कुठे? कॉलेजातल्या एका सरांनी आपल्या घरी ठेवून घेतली. लग्नानंतर चित्रं तिथेच राहिली, सर गेले, सरांच्या मुलांनी घर विकताना सगळं एकगठ्ठा कुणाला तरी देऊन टाकलं. कोपऱ्यात सही होती, फक्त पहिलं नाव, आणि मागे सरांच्या अक्षरात 'लग्न ठरल्याने कॉलेज सोडलं'. ते नाव मग कुणालाच सापडेना. सापडणार कसं? ते तर आमच्या सासूबाईंनी वापरायला घेतलं होतं.

माझंही नाव बदललं, पण माझं दुःख काही ऐकू नका. मीच ते बदलून घेतलं. माझं माहेरचं नाव मला गावंढळ वाटायचं, म्हणून एका साप्ताहिकातल्या गोष्टीच्या नायिकेचं नाव मी मैत्रिणीकरवी होणाऱ्या नवऱ्याला कळवलं होतं. तांदळात ते उमटलं तेव्हा मी अशी काही लाजले, की जणू मला काही माहीतच नव्हतं. अशी नमुना होते मी. त्या नायिकेचं पुढे काय झालं तेही मला ठाऊक नाही. लग्नाच्या गडबडीत शेवटचे अंक वाचायचे राहिले.

तर मी त्या घरात धाकटी सून म्हणून गेले ती तोऱ्यात. ठिपक्यांच्या रांगोळीत बक्षीस मिळवलेली, उशांच्या अभ्र्यांवर मोर भरणारी. मी स्वतःला आर्टिस्टच समजायचे. पहिल्याच आठवड्यात जाऊबाईंचं एक चित्र बघितलं. चेहरा होता, नाक होतं, डोळ्यांच्या जागी नुसता रंग.

"डोळे राहिले का हो वैनी?" मी विचारलं.

"राहू देत. तुला आहेत ना दोन?"

मला टोमणा कळलाच नाही. पाहुण्यांना मी हळूच सांगायचे, "आमच्या वैनी शिकतायत अजून."

तेव्हा ती फळ्यांवर चित्रं काढायची. लग्नानंतर काही वर्षं तिने काहीच काढलं नव्हतं. सासूबाईंचा विरोध नव्हता हं, हे मुद्दाम सांगते, नाहीतर लोकांना लगेच खाष्ट सासू दिसायला लागते. सासूबाई दुपारचे पोहे परतायचं काम स्वतः करून तिला दुपार मोकळी द्यायच्या. अडचण जागेची होती. दोन खोल्यांत सात माणसं आणि एक शिवणयंत्र. मग भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कारखान्यातून मोडक्या खोक्यांच्या फळ्या आणायला सुरुवात केली. वीतभर रुंद, हातभर लांब. त्या फळीवर अख्खं माणूस मावायचंच नाही. मग ती माणसं कापायला लागली. एका फळीवर खांदा आणि कान. एका फळीवर नुसता हात, पाट्यावर वरवंटा धरलेला. एका फळीवर बाईची पाठ, तिच्यावरून ओघळलेला पदर आणि तो सावरणारा हात, पुढे काही नाही.

एकदा ती मला म्हणाली, "बस गो समोर, तुला काढते." मी बेसिनशी जाऊन तोंड धुतलं, पावडर लावली, लग्नातली जांभळी साडी नेसले, गजरा माळला, आणि दुपारभर अशी ताठ बसले की मान धरली. संध्याकाळी फळी बघितली तर तिच्यावर माझं कोपर. नुसतं कोपर! आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. तिने भाऊजींना सांगितलं, "तिने पावडर कोपराला लावायला हवी होती." ती फळी आजही आमच्या हॉलमध्ये आहे आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आधी दाखवते. माणूस बदलतं.

तीही बदलली. घाटकोपरच्या एका शाळेत ड्रॉइंग टीचर झाली, पगारात कॅनव्हास आला, मोठी जागा मिळाली, तरी माणसं पुन्हा अख्खी झाली नाहीत. मग माणसंच गेली. कारखान्याच्या भिंती, पत्र्याची छपरं, खाडीकडची हिरवी पट्टी, सगळं चौकोनांत. बोरीवलीला आलो तेव्हा चौकोनही गेले. आता कित्येक वर्षं फक्त कोळसा. कागदावर चार-पाच रेषा, त्याही मधेच तुटलेल्या. मी एकदा शेजारणीला समजावून सांगत होते की, भाऊजी गेले ना, म्हणून रंग सुटले तिचे. जाऊबाईंनी आतून ओरडून सांगितलं, "उगाच काय सांगतेस! रंगांचा कंटाळा आला म्हणून सुटले." गटातली प्रदर्शनं तिची बरीच झाली. हिचं एकटीचं कुणी भरवलं नाही. आणि आता भरवलं, तर मेली म्हणून!

मी त्याच दुपारी पेपरात दिलेल्या गॅलरीच्या नंबरवर फोन लावला. तिकडून संगीत वाजत राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही उठून गेलोच.

गॅलरी अंधेरीला, मरोळच्या बाजूला. जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. शेजारी एक स्क्रू बनवणारा आणि वर कुणीतरी मसाले दळत होतं, जिन्यात शिंका. आत मात्र पांढऱ्या भिंती आणि फ्रिजसारखा एसी. भिंतीवर जाऊबाईंची चित्रं. मी ती कधी बघितलीच नव्हती. अख्खी माणसं! नाक, डोळे, पायाची करंगळीसुद्धा. मला तर ती फार आवडली, आणि त्याचा रागही आला, कारण मग लग्नानंतर असं कोपर का काढलं माझं?

प्रदर्शन मांडणारी बाई पुढे आली. पस्तिशीची, हातमागाची साडी, चेहरा गोड. गळ्यातल्या ओळखपत्रावर तिची दोन आडनावं होती, मधे आडवी रेघ. एक बापाचं, एक नवऱ्याचं. ते वाचूनच माझं डोकं तापलं. स्वतः दोन्ही नावं गळ्यात घालून फिरते, आणि लग्नात बाईचं नाव बदलतं हे हिला सुचू नये?

"या ना आजी," ती म्हणाली, "काही मदत करू?"

"ह्या वारलेल्या बाई आहेत," मी म्हटलं. "त्यांना बसायला खुर्ची मिळेल का?"

तिला कळेना. मी पेपर दाखवला, फोनमध्ये तिच्या फळ्या आणि कोळशाची चित्रं दाखवली, तांदूळ, अंगठी, सासूबाई सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. ही शिकलेली माणसं ऐकतात फार छान.

"मी समजू शकते," ती म्हणाली. "पण आम्हाला काहीतरी आधार लागतो. लग्नाचा दाखला असेल ना?"

"तेव्हा लग्न कोण नोंदवत होतं? भटजी म्हणाले झालं, की झालं."

"गॅझेटमध्ये नावबदल?"

"अगं बाई, तांदळात लिहिलं होतं!"

"मग ते..."

"त्याचा भात झाला. लोकांनी खाल्ला. तुझा आधार पचला!"

ती हसली नाही. हसली असती तर मी तिला तिथेच माफ केलं असतं. ती म्हणाली, "शिवाय शैलीचा प्रश्न आहे. ह्या चित्रांतली रेषा सलग आहे, आत्मविश्वासाची. तुम्ही आता फोनमध्ये दाखवलीत ती रेषा तुटक आहे. एकाच व्यक्तीच्या हातच्या वाटत नाहीत."

"जिवंत राहिलं की असं होतं गो," जाऊबाई म्हणाली. एवढंच.

मी तोवर तिथली जाडजूड पुस्तिका चाळत होते. शेवटच्या पानांत जाऊबाईंचं सासरचं नावही होतं की, शाळेच्या नावासकट! 'हिच्या प्रभावाखाली पुढे काम करणाऱ्या काही दुय्यम चित्रकर्ती.' दुय्यम! स्वतःच्याच प्रभावाखाली, आणि वर दुय्यम! माझा आवाज चढला. वरच्या मजल्यावरची गिरणीसुद्धा थांबली असेल.

"म्हणजे हिच्यावर हिचा प्रभाव आहे म्हणताना जुळतं, आणि दोघी एक आहेत म्हटलं की जुळत नाही? हे कुठलं शास्त्र काढलंत? आणि हिचं नाव माहीत होतं, शाळा माहीत होती, मग एक फोन करायला काय झालं होतं?"

"आम्हाला वाटलं, त्याही..."

"त्याही काय? त्याही वारल्या?"

म्हणजे एकाच बाईला ह्यांनी दोनदा मारलं होतं. एकदा लग्नात, एकदा म्हातारपणी. मी जाऊबाईंकडे वळले की आता तू बोल, तर ती खुर्चीत नव्हतीच. ती त्या विळीवरच्या बाईसमोर उभी होती.

ते चित्र तिच्या आईचं. बाई विळीच्या पाटावर बसलीय, मान एका बाजूला, ओठ मुडपलेले, डाव्या हातात नारळाची वाटी. उजव्या मनगटात बांगड्या आहेत आणि बांगड्यांच्या पुढे काहीच नाही. नुसता कोरा कॅनव्हास. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की, ही अनुपस्थिती स्त्रीच्या अदृश्य श्रमांचं धाडसी प्रतीक आहे.

"हात राहिलाय," जाऊबाई म्हणाली.

"प्रतीक आहे ते," मी दात-ओठ खात म्हटलं.

"कसलं प्रतीक! मुलाकडची आली गो बघायला. सांगून येणार होती संध्याकाळी, आली दुपारी. आई विळीवरून उठली पोहे करायला. मी हात धुतले, साडी नेसले. ठरलंच लग्न. मग ती परत कधी बसली नाही." जरा थांबून तिने त्या दोन आडनावांच्या बाईला विचारलं, "तेवढा हात मला पुरा करू द्याल?"

बाईचा चेहरा असा झाला, जसं काही हिने चित्र जाळायला काडेपेटी मागितलीय. "आजी, कलाकृतीला स्पर्शही करता येत नाही. आणि मालक परदेशात आहेत. सॉरी."

"माझ्याच आईचा हात आहे," जाऊबाई म्हणाली. चढ्या आवाजात नाही, दुकानदाराला उरलेली चिल्लर मागतात तशी.

"सॉरी, आजी."

परत येताना रिक्षात मी बडबडत होते. वकील करू, पेपरात पत्र देऊ, नगरसेवकाला गाठू. बोरीवलीच्या अलीकडे ती वैतागली. "नावाचं काय घेऊन बसलीस गो? नाव त्यांनी घेतलं काय आणि सासूबाईंनी घेतलं काय. आईचा हात राहिलाय. मी जाईन आणि तो तसाच राहील."

मला तिचाही राग आला. आपण भांडतोय एकासाठी आणि हिला दुखतंय भलतंच. पण मग दुसऱ्या दिवसापासून काय सुरू झालं बघा. मला विळीवर बसवायची. हातात नारळ. "खव." मी खवायचे, ती समोर कागद घेऊन. माझे गुडघे असे की, एकदा पाटावर बसले की उठवायला वॉचमनला बोलवायची पाळी. पण मी बसले. आमच्याकडे रोज सोलकढी. शेजाऱ्यांकडे रोज सोलकढी. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका म्हणाले, "माजी, कोकोनट की दुकान खोला क्या?" आणि ती रोज सगळे कागद फाडायची. "आईचा अंगठा असा नाही. ती वाटी दाबून धरायची, तू ती कुरवाळतेस."

"मग तुझ्या आईला बोलव!" मी एकदा ओरडले.

ती हसली, आणि नवा कागद घेतला.

आठवडाभराने मीच म्हटलं, "चल. आज बुधवार आहे, दुपारी तिथे कुत्रंही नसतं. मी चक्कर येऊन पडते. सगळे माझ्याकडे धावतील. तू तेवढ्यात काढ."

"पडशील आणि हाड मोडशील."

"मी नाटकात काम केलंय." केलं होतं. कॉलनीच्या गणपतीत, झाडाचं. पण झाडही शेवटी पडतंच, हे मला माहीत होतं.

तिने कोळशाच्या कांड्या चष्म्याच्या रिकाम्या डबीत घातल्या आणि आम्ही निघालो.

गॅलरीत ती दोन आडनावांची बाई आणि एक सिक्युरिटीवाला. त्याला खुर्चीतच डुलकी लागलेली. मी दाराजवळच्या चित्रापाशी गेले, भिंतीचा आधार घेतला आणि 'अगं आई गं' म्हणत सावकाश, अगदी सावकाश, खाली बसून आडवी झाले. चांगली पडले मी. फरशी इतकी गार होती की, दात आपोआप वाजायला लागले.

"आजी! आजी!" बाई धावत आली. सिक्युरिटीवाला पंखा शोधायला लागला. एसीत पंखा! बाईने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडावर पाणी मारलं. मग स्वतःच्या हातमागाच्या पदराने माझं कपाळ टिपलं. मुलगी वाईट नव्हती, हे मला तेव्हा कळलं, पण पडून झालं होतं.

मी एक डोळा किलकिला केला. तिकडे हॉलच्या टोकाला जाऊबाई चित्रासमोर उभी. हात उचललेला. कोळसा कॅनव्हासपासून बोटभर अंतरावर. आणि ती काढेना. मी मनात म्हटलं, काढ गं. काढ लवकर, मला शिंक येतेय. तिने हात खाली घेतला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. मग माझ्याकडे बघून मान हलवली. नाही.

"का?" मी ओठांनीच विचारलं.

"तसा हात येत नाही मला आता," ती म्हणाली. मोठ्याने. तिला कुजबुजता येतच नाही. "ती सलग रेषा येत नाही गो. त्या पोरीला यायची."

आणि ती डबी बंद करायला लागली.

मला असा संताप आला म्हणून सांगू! ह्या माणसांनी हिला मेली म्हणून लिहिलं तेव्हा आला नव्हता, दुय्यम म्हटलं तेव्हा आला नव्हता, तसा. म्हणजे आता हीसुद्धा त्यांच्याच बाजूने! ती पोरगी वेगळी, मी वेगळी, तिची रेषा सलग, माझी तुटकी, तेव्हा चला घरी! मी त्या बाईच्या मांडीवरून ताडकन उठून बसले आणि बोंबलले,

"तसा येत नाही ना? मग तुला येतो तसा काढ! तू काय मेलीयस?"

सिक्युरिटीवाला जागच्या जागी उभा राहिला. बाईच्या हातातलं उरलेलं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. आणि जाऊबाईंनी सगळ्यांच्या देखत, आमच्याकडे पाठ करून, काढायला सुरुवात केली.

फार वेळ लागला नाही. मनगटापासून एक रेषा निघाली आणि मधेच तुटली. जिथे तुटली त्याच्या पुढे दुसरी. अंगठा दोनच फटकाऱ्यांत. नारळाच्या वाटीवर दाबलेली बोटं जेमतेम दिसतील अशी, पण दाबलेली. मग तिने तळहाताच्या कडेने एक कोपरा जरा पुसला आणि बाजूला झाली. सुंदर रंगवलेल्या त्या बाईला काळ्या कोळशाचा, म्हाताऱ्या रेषांचा हात. दिसायला विचित्र, खोटं कशाला बोलू. एखाद्या नव्या साडीला जुन्या साडीचं ठिगळ लावावं तसं. पण बाई आता खवत होती. इतका वेळ नुसती बसली होती.

"आजी, हे काय केलंत तुम्ही!" ती मुलगी रडकुंडीला आली. "मालकांना मी काय सांगू?"

"सांग की मेलेली बाई येऊन गेली," मी म्हटलं. माझं अंग भिजलेलं, केस विस्कटलेले, तरी जीभ शाबूत होती. "आणि पोलिसांना बोलवायचं तर बोलव. आरोपीचं नाव काय लिहितेस ते मला बघायचंय. चित्रावरचं लिहिलंस तर चित्र हिचं. सासरचं लिहिलंस तर तक्रारीत लिही, की एका दुय्यम बाईने येऊन चित्र पुरं केलं."

ती चित्राजवळ गेली. आधी फोन काढून फोटो घेतला, पुराव्यासाठी असणार. मग फोन खाली घेतला आणि नुसतीच बघत राहिली. अगदी नाक टेकेल इतकं जवळ जाऊन. मला वाटलं, आता फडकं मागवते. कोळसाच तो, एका फटक्यात निघाला असता. जाऊबाईही तेच समजून उभी होती. डबी घट्ट धरली होती तिने.

"फळ्यांवरच्या चित्रांत," ती मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही मागे फोनमध्ये दाखवलीत ना... पाट्यावरचा हात, तो पदरावरचा... ते सगळे हेच आहेत. हाच अंगठा आहे."

"असेल," जाऊबाई म्हणाली.

"तुम्ही इतकी वर्षं हाच हात काढत होतात?"

"मला कुठे ठाऊक! मी आपली काढत होते."

मला बोलायचं होतं की आता कळलं का, आठवडाभरापूर्वी सांगत होतो तेव्हा कान कुठे होते. पण मुलीच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं. मला ते गिळणं अजून जड जातं.

तिने सिक्युरिटीवाल्याला आतल्या खोलीतून काहीतरी आणायला सांगितलं. तो एक लांबट डबा घेऊन आला. मी म्हटलं, आलं पुसायचं औषध. जाऊबाई एक पाऊल पुढे सरकली, चित्राच्या आणि डब्याच्या मधे.

"आजी, बाजूला व्हा जरा," मुलगी म्हणाली. "नुसता कोळसा आहे, झडून जाईल. फिक्सेटिव्ह मारायला हवं."

जाऊबाई बाजूला झाली. "लांबून मार," ती म्हणाली, "जवळून मारलंस तर ओघळ येतो."

मुलीने डबा हलवला आणि लांबून, हलक्या हाताने, त्या हातावर फवारा मारला. स्पिरिटसारखा वास सुटला. मला खरोखरच चक्कर यायला लागली, पण आता कोण विश्वास ठेवणार? कुणी बघितलंसुद्धा नाही.

"आणि सही?" मुलीने विचारलं. "आज कुठल्या नावाने करणार?"

"सही आहे की तिथे," जाऊबाई म्हणाली. "ती कुणी पुसली नव्हती."

त्या दोघी सहीपाशी वाकून बोलायला लागल्या, सरांचं घर कुठे होतं, रंग कुठले होते, असलं. मी दाराजवळ एकटी. समोर प्रदर्शनाची मोठी पाटी. मोठ्या अक्षरांत नाव आणि खाली 'अकाली निधन'. कागदाचीच, नुसती डबल टेपने चिकटवलेली होती. मी एका कोपऱ्यात नख घातलं, ओढली, निघाली. घडी करून पर्समध्ये घालत होते तेवढ्यात मुलीने मान वर केली.

"आजी, ती मला द्या ना. त्यावरचं मला बदलून लिहायचंय."

"बदलून नको," मी पर्सची चेन लावली. "कोऱ्यावर लिही."